पांढरी पावती

दोस्तांनो, तुमच्या घरात बिस्किटांचा एक तरी जुना पत्र्याचा डबा असेलच. बिस्किटं कधीच संपलेली. आत भरलेली असतात विजेची बिलं, गॅसच्या पावत्या, घड्याळाचं वॉरंटी कार्ड आणि तळाशी दोन सुट्या किल्ल्या. त्या कुठल्या कुलपाच्या, ते घरात कुणालाच ठाऊक नसतं!

रोह्याला माझ्या ताईकडेही असा डबा आहे. मागच्या महिन्यात दिव्याहून रोह्याची गाडी पकडून मी तिच्याकडे गेलो, तर तो डबा जमिनीवर पालथा केलेला. कागदांच्या पसाऱ्यात ताई आणि माझी आठवीतली भाची, दोघी तोंड पाडून बसलेल्या.

"काय गं, काय हरवलं?"

"हरवलं नाही मामा, सापडलंय!" भाचीनं एक लांबट कागद माझ्यापुढे धरला. "पण वाचून दाखव बघू."

मी चष्मा लावला. कागद पांढराशुभ्र. उलटा केला, उजेडात धरला, तेव्हा कुठे एक-दोन अक्षरांच्या राखाडी सावल्या दिसल्या. ती ताईच्या मिक्सरची पावती होती. भिशीचा नंबर लागला तेव्हा ताईनं तो घेतला होता, ३,४०० रुपयांना. वॉरंटी एक वर्षाची. आणि अकराव्या महिन्यात मिक्सरनं जरा घरघर करून मान टाकली होती. वॉरंटीत दुरुस्ती हवी, तर खरेदीची तारीख दाखवायला हवी. तारीख तर कागदावरून उडून गेलेली!

बरं, ताईनं ती पावती कुठेही फेकली नव्हती. उलट, खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपली होती.

"पैसे फोनवरून दिले होते ना? मग मेसेज असेल की," मी म्हणालो.

मेसेज सापडला. त्यात तारीख होती, रक्कम होती, दुकानाचं नावही होतं. पण भाची फोनकडे बघत राहिली. "मामा, यात मिक्सर कुठेय? ३,४०० रुपयांत कुकर येतो, इस्त्रीही येते."

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. शेवटी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. मेसेजमधली तारीख आणि रक्कम पाहून त्यानं कॉम्प्युटरमध्ये जुनं बिल शोधलं, त्याची दुसरी प्रत काढून दिली आणि मिक्सर दुरुस्तीला ठेवून घेतला. ताईचा जीव भांड्यात पडला.

बाजारातून परत येताना भाची गप्प होती. मग एकदम म्हणाली, "त्यांच्या कॉम्प्युटरमधून ते बिल पुसलं गेलं असतं तर? किंवा मधल्या काळात दुकानच बंद झालं असतं तर?"

दोस्तांनो, आजचा आपला विषय तिच्या या प्रश्नातूनच निघाला. हल्ली दुकानात विचारतात, "पावती हवी का?" आणि आपण घाईघाईनं "नको" म्हणून मोकळे होतो. खिशात फोन असताना कागदाची पावती कशाला? झाडं तरी वाचतील! खरंच का तिची गरज संपली?

आधी पावती म्हणजे काय ते पाहू. अर्थ शब्दातच आहे. पावणे म्हणजे पोचणे, मिळणे. 'तुमचे पैसे पावले' असं लिहून देणारा कागद ती पावती. तुमच्यापैकी कित्येकांनी ती स्वतः फाडलेली असेल. आठवतं ना, गणपतीची वर्गणी गोळा करताना? पावतीपुस्तकात एका बाजूचा तुकडा फाडून आपण काकांना देतो आणि दुसरा पुस्तकातच राहतो. त्याला म्हणतात स्थळप्रत. आता सांगा, दोन तुकडे कशाला? एक पुरला नसता का?

नसता पुरला. नोंद फक्त मंडळाकडे राहिली, तर कुणीतरी १०१ चे ५१ करू शकतो. फक्त काकांकडे राहिली, तर मंडळाला हिशेबच लागायचा नाही. दोघांकडे सारखीच नोंद असली, की कुणी कुणाकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. म्हणजे पावती मागणं हा दुकानदारावर अविश्वास नव्हे. पावती देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही अब्रू राखते.

घरी आजोबा असतील तर त्यांना मनिऑर्डरबद्दल विचारा. आपल्या टपालखात्यानं ही सोय १८८० साली सुरू केली. कोकणातल्या घराघरांतून माणसं मुंबईला नोकरीला जात आणि तिथून गावी पैसे पाठवत. पोस्टमन पैसे हातात ठेवी आणि फॉर्मवर सही किंवा अंगठा घेई. तो पोचपावतीचा तुकडा पुन्हा मुंबईला जाई. गिरणीत काम करणाऱ्या मुलाच्या हाती आईच्या अंगठ्याचा शाईचा ठसा पडला, की पैसे पावले हे त्याला कळे, आणि आई खुशाल आहे हेही कळे!

आता खिशातली दहाची किंवा वीसची नोट काढून पाहा. इतके रुपये धारकाला देण्याचं वचन तिच्यावर छापलेलं असतं आणि त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. त्या पदावर बसलेले पहिले भारतीय कोण, ठाऊक आहे? चिंतामणराव देशमुख. १९४३ साली ते गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवर आली. त्यांचं बालपण बरंचसं गेलं ते याच रोह्यात. इथल्या कॉलेजला त्यांचं नाव दिलेलं आहे. नोटेचा कागद काही सोन्याचा नसतो. तिला मोल येतं ते तिच्यावर कुणी काय कबूल केलं आहे त्यामुळे. पावतीचंही तसंच.

पण मग ताईची पावती पांढरी का झाली? त्यासाठी एक प्रयोग करा. दुकानाची गुळगुळीत कागदाची एखादी जुनी, नको असलेली पावती घ्या आणि तिच्या चकचकीत बाजूवर नखानं जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटली? पेन नाही, शाई नाही, मग हा काळा रंग आला कुठून?

तो कागदातच होता! या कागदावर एका रंगहीन रंगद्रव्याचा आणि त्याला रंगात आणणाऱ्या दुसऱ्या रसायनाचा पातळ थर असतो. छपाईयंत्रात शाई नसतेच, असतात बारीक बारीक तापणारे ठिपके. जिथे उष्णता लागते, तिथे ती दोन द्रव्यं वितळून एकत्र येतात आणि काळं अक्षर उमटतं. नखाच्या घर्षणानंही तेवढी उष्णता निर्माण होते. म्हणून याला थर्मल कागद म्हणतात. शाई भरायची कटकट नाही, छपाई झटपट, म्हणून दुकानदारांना तो सोयीचा.

पण जे असं जुळतं, ते सुटतंही. ऊन, उष्णता, तेलाचे हात, सॅनिटायझर यांनी अक्षरं फिकी पडतात. आणि काही प्लॅस्टिकांत ते मऊ राहावं म्हणून जी द्रव्यं घालतात, ती कागदात उतरली तरी तेच होतं. ताईनं जपण्यासाठी वापरलेलं पाकीटच पावतीच्या मुळावर आलं होतं!

आणखी एक. या कागदात बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन सर्रास वापरलं जाई. ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात लुडबूड करतं, म्हणून युरोपीय संघानं जानेवारी २०२० पासून अशा कागदात त्याच्यावर ०.०२ टक्क्यांची मर्यादा घातली. घाबरून जाऊ नका, पण पावती तोंडात धरू नका, घरातल्या रांगत्या बाळाला चघळायला देऊ नका आणि ती रद्दीच्या कागदांत मिसळू नका.

तुम्ही म्हणाल, "मग झालं तर! कागद नकोच, बिल फोनवरच घेऊ." त्यातही काही वाईट नाही. फोनवरचं बिल उडत नाही, भिजत नाही, शोधायला सोपं असतं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं इलेक्ट्रॉनिक नोंदींनाही कागदासारखीच मान्यता दिली आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, पैसे गेल्याचा मेसेज म्हणजे बिल नव्हे. मेसेज सांगतो, पैसे गेले. बिल सांगतं, कशाचे गेले. कोणी विकलं, काय विकलं, केव्हा आणि कितीला, ही चार उत्तरं एका जागी असली, तरच ती कामाची पावती. बहुतेक ॲपमध्ये पैसे पाठवताना एक ओळ लिहायची सोय असते. तिथे 'मिक्सर' एवढं लिहिलं असतं, तरी ताईला थोडा आधार झाला असता.

दुसरी गोष्ट फोन नंबरची. फोनवर बिल हवं तर नंबर द्यावा लागतो, आणि मग त्याच नंबरावर रोज सवलतींच्या जाहिराती सुरू होतात! बिलासाठी ग्राहकाला फोन नंबर देण्याची सक्ती करू नका, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. शिवाय ज्यांच्याकडे तसा फोनच नाही, त्यांचं काय? माझ्या भाचीची आजी बटणांचा साधा फोन वापरते. ती म्हणते, "माझ्या फोनवर लेकीचा आवाज येतो, तेवढा मला पुरे. बिल मला हातात द्या!"

फ्रान्स देशानं यावर एक तोडगा काढला. १ ऑगस्ट २०२३ पासून तिथे प्रत्येकाला आपोआप पावती छापून देणं बंद झालं. पण कुणी मागितली, तर दुकानदारानं ती द्यायचीच. कागद वाचला आणि आजीचा हक्कही राहिला.

आपल्याकडे काय नियम आहे? ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून त्या दिवशी आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. त्या जागी २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. बिल किंवा पावती न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी तुम्ही वाचली असेल. पण माल सदोष निघाला, तर ती पाटी दुकानदाराला वाचवू शकत नाही. माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिली नसेल, तर ती ३० दिवसांची धरतात. जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीसाठी प्रत्येकाला वेगळं बिल द्यायची गरज नाही. मात्र गिऱ्हाइकानं मागितलं, तर द्यावं लागतं. अडचण आली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथेही काम झालं नाही, तर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. रायगडचा अलिबागला आहे. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल, तर तिथे शुल्क लागत नाही. पण दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि तिथे पहिला प्रश्न येतो, "बिल कुठे आहे?"

म्हणून काय वडापावचीही पावती मागायची? मुळीच नको! मासळीबाजारात बोंबलाचा वाटा घेताना कोळीण मावशीकडे पावती मागितलीत, तर ती मासे साफ करायचं सोडून तुमच्याकडेच बघत बसेल. तिथे डोळ्यांनी पाहिलं, भाव केला, पैसे दिले, संपला व्यवहार. एसटीचं तिकीट उतरेपर्यंत जपायचं. पण जी वस्तू घरात वर्षानुवर्षं चालायला हवी, जिला वॉरंटी आहे, जिची किंमत देताना आईबाबांनी दोनदा विचार केला आहे, तिचं बिल हवंच. कागदावर की फोनवर, हे तुम्ही ठरवा. पण त्याची एक प्रत तुमच्याकडे हवी. नोंद फक्त समोरच्याकडे असेल, तर तुमचा हक्क त्याच्या भलेपणावर टांगलेला राहतो. ताईला भला दुकानदार भेटला. प्रत्येक वेळी भेटेलच असं नाही.

या आठवड्याचा उद्योग सांगतो. घरातला पत्र्याचा डबा उघडा. आईबाबांना सोबत घ्या बरं का! गुळगुळीत कागदाच्या पावत्या वेगळ्या काढा. ज्या अजून वाचता येतात, त्यांचे फोटो काढा किंवा झेरॉक्स करून घ्या. मूळ पावत्या प्लॅस्टिकमधून काढून कागदी लिफाफ्यात ठेवा आणि लिफाफ्यावर पेनानं वस्तूचं नाव, तारीख आणि दुकानाचं नाव लिहा. नवी वस्तू घेताना वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथल्या तिथेच घ्या. आणि किती पावत्या पांढऱ्या निघाल्या, ते मला जरूर लिहून कळवा.

भाचीनं हे सगळं त्याच संध्याकाळी केलं. सहा पावत्या वाचल्या, चार गेल्या. मिक्सर आठ दिवसांनी दुरुस्त होऊन आला आणि ताईनं पहिल्यांदा वाटली ती खोबऱ्याची चटणी. डबा आता नीटनेटका आहे. तळाच्या दोन किल्ल्या मात्र अजून तिथेच आहेत. त्या कुठल्या, ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं ना!