गुडघ्याची पहिली कुरकुर

परतवाड्यातल्या आपल्या घरांत चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचे उत्तर ठरलेले असते, ‘जरासं दुखते, वय झालं.’ भाकरी करून उठताना ओट्याला हात लावावा लागतो, अत्तहियातला बसले की गुडघा ताणतो, जिना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. आम्हाला हे ‘वय झालं’ पटत नाही. याच टप्प्यावर दुखणे ओळखले तर हातात बरेच काही असते.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात ना रक्तवाहिन्या, ना चेतातंतू. त्यामुळे झीज सुरू झाली तरी कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड आणि सांध्याचे अस्तर. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणातून होते, आणि पायावर भार पडला, सुटला की ते वंगण तिच्यात जिरते. दुखते म्हणून चालणे सोडले की मांडीचा पुढचा स्नायू कमजोर होतो, त्याचा भार सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. सुरुवातीला एक्स-रेत फारसे काही दिसत नाही. ‘फोटो चांगला आहे’ म्हणून अम्मी सोंग करतात असे कृपया कोणी समजू नये.

हे शहरातल्या सुखवस्तू बायकांचे दुखणे आहे, असेही नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. सांधे-स्नायूंची दुखणी तिथे सुमारे 18 टक्के लोकांत आढळली, आणि झिजेचा संधिवात आमवातापेक्षा कितीतरी जास्त. गाव शेतकऱ्यांचे, कष्टाचे.

उपाय साधा आहे, फक्त रोजचा आहे. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच मोजेपर्यंत धरावा, सोडावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. जमेल तेव्हा हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे. फज्रनंतर सपाट रस्त्यावर चालावे. अंगावरचे एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. उकिडवे बसून धुणे-भांडी करण्यापेक्षा ओटा किंवा स्टूल घ्यावे, संडासात कमोड बसवून घ्यावा. लग्नाच्या खर्चात हा खर्च कुठे दिसतही नाही!

नमाजसाठी खुर्ची हवी का, हे आपल्या आलिमसाहेबांना विचारा. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे, खुर्चीवरच्या बाईकडे कोणी डोळे वटारू नयेत. पण खुर्ची आली म्हणून व्यायाम सुटता कामा नये.

मेडिकलमधून स्वतःहून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच नाही. गुडघा लाल होऊन तापला, सुजला, मध्येच अडकू लागला, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक राहिला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. तिथे नुसते ‘दुखतं’ म्हणू नका. किती पायऱ्यांनंतर दुखते, सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो का, बाजारातून येताना किती वेळा थांबता, हे सांगा.