आजीच्या डोळ्यातला 'कोंडा'

शिरूर-दौंडकडे मोतीबिंदूचं शिबिर लागलं की आपण आजीला पाठवून मोकळ्या होतो. पण सगळेच मोतीबिंदू सारखे नसतात, बरं का! काहींच्या भिंगावर, बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखे पांढरे कण साचतात. हाच 'एक्सफोलिएशन सिंड्रोम'. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तामिळनाडूच्या खेड्यांतील पाहणीत चाळिशीपुढच्या शंभरांत जवळजवळ चौघांना तो आढळला. यात बाहुली नीट मोठी होत नाही, भिंग धरणारे धागे कमजोर होतात आणि शस्त्रक्रिया अवघड जाते. शिवाय काचबिंदूचा धोका! त्यात गेलेली नजर परत येत नाही. म्हणून ऑपरेशनआधी बाहुली मोठी करून तपासणी झाली का, डोळ्याचा दाब मोजला का, हे विचाराच. नंतरही 'आता दिसतंय की!' म्हणत फेरतपासणी टाळू नका.