पडद्यावरचा बहुरूपी

पूर्वी सुगी संपली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव बहुरूपी हिंडत. अंगात खाकी पोशाख, हातात दंडुका आणि तोंडी दरडावणी, "चला, तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय!" नवी सून घाबरून आत पळे, सासूबाई मात्र हसत हसत पसाभर ज्वारी झोळीत घालीत. हल्ली हा सोंगाड्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतो, आणि पसाभर ज्वारीवर त्याचे भागत नाही.

खामगावात आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्या कॉम्प्युटरातला ब्राउझर आपोआप अद्ययावत झाला आणि दोनच दिवसांनी पडद्यावर लाल पाटी झळकली : "तुमच्या यंत्रात हेर शिरला आहे. बँकेची माहिती चोरीस जात आहे. ताबडतोब या क्रमांकावर फोन करा!" जोडीला भोंगाही वाजू लागला. गुरुजींनी फोन केला नाही. त्यांनी सरळ वायर उपटली आणि यंत्रावर जुने लुगडे टाकले. पुण्याच्या नातीशी दर रविवारी होणारे बोलणेही त्या लुगड्याखाली गेले. तीन आठवड्यांनी काकूंनी मला हटकले, "भाऊ, त्या डब्यात खरंच कोणी बसलं आहे काय? पोरगी तिकडे रुसून बसली."

मी जाऊन पाहिले. हेर कुठेच नव्हता. कुठल्याशा पानाने पूर्वी कधीतरी "सूचना पाठवू का?" म्हणून विचारले होते आणि घरातल्या कोणीतरी "हो" म्हटले होते. तेच पान आता धमक्या पाठवीत होते.

पण हे अद्ययावत झाल्यावरच का सुरू व्हावे? ब्राउझर बदलला की जुनी जोडणी कधी कधी गळून पडते. क्रोमने २०२४ पासून जुन्या नियमांवर चालणारी एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यांत जाहिराती अडवणारीही होती. कुंपण पडले की बाहेरची गुरे अंगणात येणारच! शिवाय "तुमचा ब्राउझर जुना झाला, येथे दाबा" असे सांगणारी बनावट पानेही असतातच.

मग खरा पहारेकरी ओळखावा कसा? ब्राउझरची स्वतःची धोक्याची पाटीही लालच असते. पण ती वाट अडवते, परत फिरण्याचे बटण दाखवते आणि गप्प बसते. मायक्रोसॉफ्ट तर स्पष्टच सांगते, की आमच्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो. २०२३ च्या ऑक्टोबरात ॲपलने आपल्या देशातील काही राजकीय नेत्यांना हेरगिरीचा इशारा दिला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियंका चतुर्वेदी त्यांपैकी एक. तो इशारा खुद्द कंपनीचा होता; पण असा इशारा देताना ॲपल ना दुवा दाबायला सांगते, ना पासवर्ड मागते. खरा पहारेकरी सावध करतो. पैसे मागतो तो सोंगाड्या.

वाचकहो, उपाय सोपा आहे. पाटीवरील कशालाही हात लावू नका. एस्केपची कळ दाबून धरा. तेवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नका. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीतील अनोळखी नावे काढून टाका. विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षा तपासणीने यंत्र एकदा तपासून घ्या. ब्राउझर अद्ययावत करायचा तो त्याच्याच मेनूतून.

आणि फोन झालाच असेल, कोणाला यंत्राचा ताबा दिला असेल, तर लाजत बसू नका. आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. अशा वेळी घटका-घटका मोलाची असते.

गुरुजींचा एक पैसाही गेला नाही. गेले ते तीन रविवार, आणि त्यांची तक्रार कुठल्याच कचेरीत नोंदवता येत नाही. म्हणून दिवाळीला घरी येणाऱ्या मुलामुलींना एक विनंती : आईवडिलांना नवे यंत्र घेऊन दिले, तेवढ्याने आपले काम संपले असे समजू नका. चकलीचा तुकडा मोडता मोडता दहा मिनिटे त्यांच्याशेजारी बसा आणि खरी पाटी कोणती, खोटी कोणती, ते दाखवून द्या. फक्त तेलकट बोटे कळफलकाला लावू नका!