टाकून दिलेल्या यंत्रांचा धनी कोण?

एखादी वस्तु पैसे मोजून घेतली म्हणजे ती आपली झाली, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सुताराकडून पेटी घेतली व पुढें तिचें कुलूप बिघडलें, तर आपण दुसरें कुलूप बसवितों. त्यासाठीं सुताराची परवानगी मागावयास कोणी जात नाहीं. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या घरांत अशा कित्येक वस्तु आल्या आहेत कीं, त्यांचें अर्धें अंग आपल्या फळीवर असतें व उरलेलें अर्धें दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकांत असतें. कंपनीनें तिकडील दार लावून घेतलें कीं घरांतील यंत्र धडधाकट असूनहि मुकें होतें. अशीं यंत्रें स्वस्तांत घेऊन, त्यांत फेरफार करून, रोजच्या उपयोगास लावणें योग्य कीं अयोग्य, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं आणि पालकांनींहि करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ह्या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे. सन १९९९ च्या अखेरीस अमेरिकेंतील ऑस्टिन शहरच्या नेटप्लायन्स नांवाच्या कंपनीनें ‘आय-ओपनर’ हें यंत्र बाजारांत आणलें. एक सपाट पडदा, एक कीबोर्ड आणि टेलिफोनच्या तारेनें इंटरनेटशीं जोडण्याची सोय, एवढाच त्याचा पसारा. ज्यांना संगणकाची कटकट नको त्यांनीं तें स्वयंपाकघरांत ठेवावें, आलेलीं पत्रें वाचावीं व बातम्या पाहाव्या, असा उद्देश होता. कीबोर्डावर पिझ्झा मागविण्याची एक निराळी कळसुद्धां होती! सन २००० च्या आरंभीं ह्या यंत्राची किंमत अवघी ९९ डॉलर होती. तें तयार करण्यास लागणारा खर्च याहून पुष्कळ अधिक होता. परंतु दरमहा २१.९५ डॉलर वर्गणी येत राहील व तींतून तूट भरून निघेल, असा कंपनीचा हिशेब होता.

मार्च २००० मध्यें लास व्हेगस येथील एका अभियंत्यानें तें यंत्र उघडलें, तेव्हां आंत जवळजवळ पुरा संगणकच आहे असें त्याला दिसून आलें. ३२ मेगाबाइट मेमरी होती, आणि हार्ड डिस्क जोडण्याची जागाहि तयार होती. केवळ केबलच्या तारांची अदलाबदल करावी लागे. ही बातमी पसरतांच लोकांनीं दुकानांतून तीं यंत्रें उचललीं, त्यांत लिनक्स किंवा विंडोज घातलें व वर्गणीकडे पाठ फिरविली. कंपनी गडबडली. तिनें पुढील यंत्रांत ती वाट बुजविली, चिपवर इपॉक्सीचा कठीण लेप दिला, आणि किंमत वाढविली. इकडे तिच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या असल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें तिला जाब विचारला, आणि २००१ मध्यें एक लक्ष डॉलर दंड भरण्याचें तिनें कबूल केलें. त्याच सुमारास तिनें तो धंदा सोडला व नांवहि बदललें.

ह्या प्रकरणांत दोष कोणाचा? कित्येकांचें म्हणणें असें कीं, ज्यांनीं वर्गणी न भरतां यंत्र नेलें त्यांनीं कंपनीस लुबाडलें. आम्हांस हें मत सर्वस्वीं मान्य नाहीं. ज्यानें खरेदीच्या वेळीं वर्गणीचा करार केला व मागून तो झुगारला, त्यानें शब्द मोडला. त्याचें समर्थन कोणत्याहि युक्तिवादानें होणार नाहीं. परंतु ज्याच्यापुढें अशी अट ठेवलीच गेली नाहीं, व ज्यानें मागितलेली किंमत रोख मोजून वस्तु घरीं आणली, तो कोणाचा देणेकरी? व्यापाऱ्यानें हिशेब चुकीचा मांडला म्हणून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कर्ज चढत नाहीं. शब्द दिला असेल तर पाळावा, आणि दिला नसेल तर विनाकारण अपराधी होऊं नये, हाच येथें सरळ न्याय होय.

दुसरें उदाहरण ह्याहून सौम्य आहे. ऑक्टोबर २००० मध्यें थ्रीकॉम कंपनीनें ‘ऑड्री’ नांवाचें यंत्र ४९९ डॉलरला विक्रीस ठेवलें. नांव ऑड्री हेपबर्न ह्या प्रसिद्ध नटीवरून घेतलेलें. पडद्यावर लिहिण्याची काडी वरच्या खोबणींत उभी असे, आणि नवें पत्र आलें कीं तेथें दिवा लुकलुके. पांचच महिन्यांनीं, मार्च २००१ मध्यें, कंपनीनें त्याला मूठमाती दिली. उरलेलीं यंत्रें मूळ किंमतीच्या लहानशा अंशास विकलीं गेलीं. हौशी लोकांनीं तीं घेतलीं, त्यांस घरांतल्या नेटवर्कची तार जोडली, आणि कोणी त्यावर हवामान पाहूं लागले, कोणी दुसऱ्या खोलींतील संगणकावरचें गाणें ऐकूं लागले, तर कोणी घरांतील दिवे त्यावरून लावूं लागले. येथें कोणाचा करार मोडला नव्हता व कोणाचें नुकसान झालें नव्हतें. जें कचऱ्यांत गेलें असतें तें कामास आलें. सोनी कंपनीचें २००१ च्या जूनमधील ‘ई-व्हिला’ हें यंत्र तर त्याच उन्हाळ्यांत बंद झालें. पण त्या कंपनीनें गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. हा व्यवहार सचोटीचा म्हटला पाहिजे.

आतां ह्याच्या उलट पाहा. रिव्हॉल्व्ह नांवाचें, घरांतील दिवे व कुलुपें चालविणारें यंत्र सुमारें ३०० डॉलरला विकलें जात असे. पुढें ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेली, आणि १५ मे २०१६ रोजीं दूरच्या संगणकांतील त्याची सेवा बंद करण्यांत आली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांच्या घरचें तें यंत्र निव्वळ डबा होऊन राहिलें. यंत्र बिघडलें नव्हतें. त्याची किल्ली धन्याच्या हातीं कधीं आलीच नव्हती.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, जी कंपनी आपल्या वस्तूचा सांभाळ सोडते तिनें निरोप घेतांना किल्ली मालकाच्या स्वाधीन करावी. एक तर पैसे परत द्यावे, नाहीं तर यंत्रांतील प्रणाली मोकळी करावी, म्हणजे ज्याला येईल त्यानें तें आपल्या श्रमानें चालू ठेवावें. हें अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. डिसेंबर २००२ मध्यें निघालेल्या लिंक्सिसच्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ ह्या राउटरांत लिनक्स वापरलेलें आहे असें आढळून आलें. लिनक्सचा परवानाच असा आहे कीं, तें घालून वस्तु विकणाऱ्यानें त्याचा सोर्स कोड मागणाऱ्यास द्यावा. त्याप्रमाणें २००३ मध्यें तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधारानें २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली उदयास आली. तो मूळ राउटर आतां थकला आहे. परंतु ती प्रणाली शेंकडों प्रकारच्या राउटरांवर चालते, आणि निर्मात्यांनीं सोडून दिलेल्या कित्येकांस तिनें पुनः कामास लावलें आहे. एक दार उघडें राहिलें तर केवढें काम होतें, ह्याला याहून चांगला पुरावा नको.

आपल्या देशांतहि ह्या विचारास आरंभ झाला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं माहिती देणारें पोर्टल सुरू केलें. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. परंतु वस्तूचा कचरा झाल्यावर काय करावें ह्यापेक्षां ती कचरा होऊंच नये, हें अधिक चांगलें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा किंवा मुलगी जुना राउटर अगर बंद पडलेला टॅब्लेट उघडूं लागली, तर तिला एकदम दटावूं नये. नवें यंत्र बोटानें चालवितां येतें. उघडलेलें यंत्र डोक्यानें चालवावें लागतें. मात्र विद्यार्थ्यांनींहि कांहीं पथ्यें पाळावीं. मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्यास बुधवार पेठेंत वस्तु स्वस्त दिसली म्हणून घेऊं नये. तिचें काय करणार हें आधीं ठरवावें, नाहीं तर काटकसरीच्या नांवाखालीं घरांत अडगळच वाढते. खालच्या चिठ्ठीवरील आवृत्तीचा अंक वाचावा; वर सांगितलेल्या राउटरची पांचवी आवृत्ति २००५ मध्यें निघाली तेव्हां नांव तेंच ठेवून मेमरी निम्मी केलेली होती. वीज देणाऱ्या अडॅप्टरचे व्होल्ट व धन-ऋण टोकें जुळतात कीं नाहीं तें पाहावें. फुगलेल्या बॅटरीस हात लावूं नये. पूर्वींच्या मालकाचीं पत्रें व छायाचित्रें आंत राहिलीं असल्यास तीं न पाहतां पुसून टाकावीं. यंत्र आपलें झालें तरी तीं आपलीं नव्हत. आणि ज्याला सुरक्षेच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या आहेत असें यंत्र इंटरनेटवर उघडें सोडूं नये, कारण चोर त्याच वाटेनें शेजाऱ्याकडेहि जातो.

हीं पथ्यें पाळून ज्यानें एक टाकलेलें यंत्र पुनः चालू केलें, त्याच्या हातीं केवळ एक स्वस्त वस्तु आली असें नाहीं. पुढच्या वेळीं नवें कांहीं घेतांना तो दुकानदारास आपण होऊन विचारील: “तुमची कंपनी उद्यां उठून गेली, तर हें यंत्र चालेल काय?” असें विचारणारीं गिऱ्हाइकें पुष्कळ झालीं म्हणजे कंपन्यांनाहि उत्तर तयार ठेवावें लागेल.