दुरुस्ती करणारा वाचक

ज्ञानकोश हा विद्वानांनी लिहावयाचा आणि इतरांनी वाचावयाचा ग्रंथ आहे, अशी समजूत मराठी समाजात दीर्घकाळ रूढ होती. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ तज्ज्ञांच्या परिश्रमांचे फळ होते. त्यांत एखादी त्रुटी आढळली, तर समासात पेन्सिलीने खूण करण्यापलीकडे वाचकाच्या हाती फारसे काही नव्हते. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि ही स्थिती पालटली. इंटरनेटवरील या ज्ञानकोशातील बहुतेक नोंदी कोणाही वाचकाला सुधारता येतात.

जे कोणीही लिहू शकतो, त्यावर विश्वास कसा ठेवावा, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो रास्त आहे. त्याचे उत्तर या कोशाच्या कार्यपद्धतीत सापडते. प्रत्येक नोंदीला ‘इतिहास’ असतो. कोणता बदल केव्हा आणि कोणत्या सदस्यनावाने झाला, हे त्यात दिसते. चुकीचा बदल रद्द करून जुना मजकूर परत आणता येतो. मतभेद झाल्यास ‘चर्चा’ पानावर कारणे मांडता येतात. मात्र ही साधने आपोआप काम करीत नाहीत. ज्या नोंदीकडे जागरूक वाचक फिरकत नाही, तिच्यातील चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून वाचकाने दुरुस्तीचे काम आपले मानणे आवश्यक आहे.

हे काम किती विवेकाने करावे लागते, हे एका उदाहरणावरून कळेल. युरोव्हिजन ही आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू झाली. पहिल्या वर्षी सात देशांनी भाग घेतला. त्या स्पर्धेतील विजेता देश स्वित्झर्लंड, एवढेच जाहीर झाले. इतर देशांचे गुण प्रसिद्धच झाले नाहीत. १९६९ साली तर स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चारही देशांना प्रत्येकी १८ गुण मिळाले आणि चौघेही विजेते ठरले. युरोपची म्हणवणाऱ्या या स्पर्धेत इस्राएल १९७३ मध्ये आणि ऑस्ट्रेलिया २०१५ मध्ये प्रथम उतरले.

आता एखादा उत्साही वाचक ही नोंद उघडतो, असे समजू. एका स्पर्धेत चार विजेते कसे असतील, असे वाटून तो तीन नावे खोडतो. ऑस्ट्रेलिया युरोपात नाही, म्हणून तेही वगळतो. पहिल्या स्पर्धेच्या कोष्टकातील रिकाम्या जागा त्याला खटकतात, म्हणून ऐकीव आकडे भरतो. त्याचा हेतू चांगला असतो, परंतु तीन सत्य गोष्टी त्याच्या हातून बिघडतात. बरोबरी कशी सोडवावी, याचा नियमच १९६९ मध्ये नव्हता; तो त्यानंतर झाला. स्पर्धेतील प्रवेश नकाशावर ठरत नाही. तो मुख्यतः युरोपीय प्रसारण संघाच्या सदस्यत्वावर आणि त्याच्या निमंत्रणावर अवलंबून असतो. जे प्रसिद्धच झाले नाही, ते कोशात रिकामे ठेवणे हाच प्रामाणिकपणा होय. आपल्याला विचित्र वाटते म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. खोडण्यापूर्वी शोधावे, हा संपादनाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा आपल्या परिसरापासून घेता येतो. रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर भनपुरी हा औद्योगिक भाग आहे. याच नावाचे एक गाव दूर बस्तर जिल्ह्यातही आहे. पुण्यात बसून लिहिणारा या दोहोंची गल्लत करू शकतो. भनपुरीच्या कारखान्यात काम करणारा ती करणार नाही. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करणाऱ्या अशा माणसापाशी ज्ञानकोशाला देण्याजोगे बरेच असते. तेथे पदवीचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. संदर्भ मात्र मागतात. ‘तो तेथेच राहतो’ हा पुरावा होऊ शकत नाही. जनगणनेचा अहवाल, शासकीय राजपत्र, वृत्तपत्रातील बातमी किंवा एखादे पुस्तक यांचा आधार द्यावा लागतो. शिवाय तो मजकूर जसाच्या तसा उतरवता येत नाही. तो स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो. अनुभव दिशा दाखवतो, संदर्भ खात्री देतो.

छत्तीसगडमधील मराठी माणसाला तर ही जबाबदारी अधिक शोभून दिसते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी या प्रदेशात नांदत आली आहे. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ हिंदीत नेला. दोन भाषांत वावरणारा माणस दोन्ही भाषांना समृद्ध करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. छत्तीसगडी लोकगीते, मेळे, गावे यांविषयी मराठीत नोंदी लिहिणे हे त्याच परंपरेतील कार्य ठरेल. यंत्राने केलेला अनुवाद न वाचता चिकटवला, तर मात्र भाषेची सेवा होत नाही. वाक्य मराठी वळणाचे आहे की नाही, हे माणसानेच पारखावे लागते.

एखादे चुकलेले साल दुरुस्त करणे, एखाद्या विधानाला संदर्भ जोडणे, शुद्धलेखन सुधारणे ही कामे लहान दिसतात. परंतु उद्या त्याच विषयाची माहिती मराठीत शोधणाऱ्या विद्यार्थ्याला बरोबर उत्तर मिळेल की चुकीचे, हे त्यांवरच ठरते. ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले, त्याला समाज बहुधा केवळ घेणारा समजतो. नोंद सुधारणारा वाचक आपल्या कृतीने ही समजूतही दुरुस्त करतो.