साठ वर्षांचा गार्डन ट्रॅक्टर अजून चालतो. आपला नवा ट्रॅक्टर गावात दुरुस्त होईल का?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. बिघाड शोधण्याचे पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्यांनाच दिले जाते, त्यामुळे शेतकऱ्याला किंवा बाहेरच्या मेकॅनिकला ट्रॅक्टरची काही दुरुस्ती करताच येत नाही, अशी मुख्य तक्रार आहे. कंपनीने आरोप नाकारले आहेत. गंमत अशी, की याच कंपनीने १९६३ मध्ये आणलेला ‘११०’ हा छोटा गार्डन ट्रॅक्टर आजही तिथले लोक घरामागच्या शेडमध्ये साध्या पान्यांनी खोलतात आणि चालू करतात.

जुने गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करणे हा अमेरिकेत मोठा छंद आहे. हा छंद समजून घेतला, तर आपल्याकडच्या ट्रॅक्टर दुरुस्तीचा प्रश्न नेमका कुठे अडणार आहे ते कळते.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे काय?

घराभोवती एक-दोन ते पाच एकर जागा असलेल्यांसाठी बनवलेले हे साधारण ७ ते १६ एचपीचे पेट्रोल ट्रॅक्टर. गवत कापणे, बर्फ ढकलणे, भाजीपाल्यासाठी छोटा नांगर ओढणे ही त्यांची कामे. आपला द्राक्षबागेतला १५ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर डिझेलवर चालतो आणि त्याच्यावर घर चालते. तिकडचा गार्डन ट्रॅक्टर बहुतेक घरगुती कामाचा. हा फरक लक्षात ठेवूनच पुढची तुलना वाचावी.

व्हील हॉर्स, ग्रेव्हली, कब कॅडेट ही त्यातली गाजलेली नावे. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरो कंपनीकडे गेली. कब कॅडेट इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये आणला आणि १९८१ मध्ये तो व्यवसाय विकला. हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर आपल्या ओळखीची आहे. १९६३ मध्ये महिंद्राने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली ती तिच्याच भागीदारीत, बी-२७५ या मॉडेलने. ‘२७५’ हा आकडा महिंद्राच्या बॉनेटवर पुढेही टिकला.

मेलेले इंजिन पुन्हा का चालते?

या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा कोहलर कंपनीचे ‘के’ मालिकेतले एक सिलिंडरचे इंजिन असते. ब्लॉक बिडाचा, त्यामुळे सिलिंडर झिजला तर रिबोअर करता येतो. पिस्टन १०, २० आणि ३० हजारांश इंच मोठ्या साइजमध्ये मिळतात. आपला लेथवाला ‘दहा साइज, वीस साइज’ म्हणतो, तेच हे. इग्निशनला पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंटची गॅप २० हजारांश इंच, म्हणजे अंदाजे अर्धा मिलिमीटर. फिलर गेज असले की शाळकरी पोरगाही ती लावू शकतो.

पण नुसत्या साधेपणाने यंत्र साठ वर्षे चालत नाही. कंपनी विकली गेल्यावर पार्ट्स बुक आणि सर्व्हिस मॅन्युअल कपाटात सडली असती. छंदिष्टांनी ती स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली. कोणत्या मॉडेलचा कोणता गिअर दुसऱ्या कोणत्या मॉडेलमध्ये बसतो, याच्या याद्या केल्या. दोन मोडक्या ट्रॅक्टरमधून एक चालू ट्रॅक्टर उभा करायचा, ही त्यांची नेहमीची रीत.

सगळ्यात उपयोगी सवय मला वाटते ती नंबर वाचण्याची. बेअरिंगवर ६२०५ छापलेले असेल तर ते आतून २५, बाहेरून ५२ आणि रुंदीला १५ मिलिमीटर असणारच. मग ते ट्रॅक्टरमधले असो, पंपातले असो की गिरणीतले. ऑइल सीलवरही बहुधा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. कंपनीच्या डब्यातला महाग पार्टच हवा, असे दरवेळी नसते. मात्र डिझेल पंप, नोझल आणि ब्रेकच्या भागांत ही काटकसर करू नये.

गंज काढायची त्यांची पद्धतही आपल्याला जमण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी, त्यात गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला आणि साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला. भाग आणि पट्टी एकमेकांना चिकटता कामा नयेत. रात्रभरात गंज सैल होतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नका, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघतो म्हणून काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको, आणि भागाला हात लावण्याआधी चार्जर बंद करा.

जाम पिस्टनवर ते ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मे-निम्मे मिसळून ओततात आणि काही दिवस थांबतात. ॲसिटोन लगेच पेट घेते, एवढे ध्यानात असू द्या. आपल्याकडे घाईत जाम ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करायचा प्रयत्न होतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे धीर हेच खरे हत्यार.

या छंदात खटकणारी गोष्टही आहे. रंग अगदी मूळ शेडचा हवा, स्टिकर जुन्यासारखाच हवा, यावर मंडळी तासन् तास वाद घालतात. उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट आणि फिरत्या शाफ्टवरचे कव्हर हे विषय मात्र मागे पडतात. पीटीओचे कव्हर काढून फेकणाऱ्या आपल्या लोकांनी हसण्याचे कारण नाही.

पेट्रोल यंत्रांवरचे नवे संकट

तिकडे पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते आणि तेवढ्यानेच जुन्या कार्बोरेटरच्या तक्रारी वाढल्या. आपण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलो. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पेट्रोल बराच काळ पडून राहिले, की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. जेट गंजतो, जुने रबर फुगते किंवा तडकते. पॉवर वीडर, ब्रश कटर, पेट्रोल फवारणी पंप वर्षातले काही महिनेच वापरले जातात, म्हणून हा त्रास तिथे जास्त. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, उरलेल्या पेट्रोलवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवा आणि पाइप कडक झाला असेल तर बदला. जुने मशीन सुरू होत नसेल तर इंजिन खोलण्याआधी कार्बोरेटर साफ करून पाहा.

आपल्याकडे चित्र काय आहे?

जुना ट्रॅक्टर ठेवता येईल का, ही भीती अनेकांच्या मनात आहे. दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात काढावा लागणार, अशी अफवा पसरली तेव्हा २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने खुलासा केला. ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर एका वेळी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि काही ठरावीक सुट्या भागांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. दुरुस्तीच्या बिलावर नवा दर लागला आहे का, ते पाहा.

कंपनी बंद पडल्यावर काय होते, हे एचएमटीच्या मालकांना विचारावे. पिंजोरला १९७१ पासून झेटरच्या तंत्रावर बनणारे हे ट्रॅक्टर. २०१६ मध्ये सरकारने तो विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तरीही गावोगाव एचएमटी दिसतो, कारण त्याचे इंजिन ओळखणारे फिटर आहेत. ते फिटर आता म्हातारे होत आहेत आणि त्यांच्या डोक्यातले कुणी लिहून घेतलेले नाही.

खरी अडचण मात्र पुढची आहे. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धूर-मानक लागू झाले. त्यासाठी अनेक कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजेक्शन आणले. धूर कमी होतो, डिझेल मोजून पडते, हे चांगलेच. पण बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लागतो आणि तो कुणाकडे असेल ते कंपनी ठरवते.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने यावर कायदा केला. जानेवारी २०२४ पासून तिथे कंपन्यांना शेतीयंत्रांचे पार्ट, मॅन्युअल, हत्यारे आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्यालाही द्यावे लागते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहनांबरोबर शेतीयंत्रांचेही नाव त्यात होते. डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झाले. मात्र २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवायला समिती नेमली ती मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. यादीत नाव होते, तरी शेतीयंत्रे मागे राहिली. फोन बिघडला तर दोन दिवस गैरसोय होते. पेरणीच्या वाफशावर ट्रॅक्टर उभा राहिला तर हंगाम जातो. क्रम उलटा असायला हवा होता.

नवा ट्रॅक्टर घेताना विचारा

विक्रेत्याशी भावाची घासाघीस करताना हे प्रश्नही विचारा. पार्ट्स बुक आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का? स्कॅनर असलेला सर्वांत जवळचा मेकॅनिक किती किलोमीटरवर आहे, आणि तो शेतावर येईल का? सेन्सर बदलल्यावर कंपनीच्या लॅपटॉपशिवाय इंजिन सुरू होते का? उत्तरे कोटेशनच्या कागदावर लिहून मागा.

विस्तार कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात गावच्या जुन्या फिटरसोबत एक दिवस बसावे. मॉडेलनुसार बेअरिंग, सील, फिल्टर आणि बेल्टचे नंबर वहीत उतरवून घ्यावेत आणि तिची प्रत शेतकरी गटाकडे व अवजार बँकेत ठेवावी. सुरुवात गावात सर्वांत जास्त असलेल्या मॉडेलपासून करा.