बोअर पाडण्याआधी विहिरीचा कागद



कर्नाटकात, यादगीर जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात गोगी नावाचे गाव आहे. खोरे आपल्याच भीमेचे. तशीच काळी जमीन, तीच ज्वारी, तूर, कापूस. तिथे जमिनीखाली युरेनियम सापडले. बोअर पडले, तपासणीसाठी खाणही खोदली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला. उद्या कोणत्या गावाचा नंबर लागेल, हे आपल्याला विचारून ठरणार नाही. म्हणून हा विषय आम्ही बैठकीपुढे ठेवत आहोत.

बोअरनंतर काय येते, ते आंध्रात कडप्पा जिल्ह्यातल्या तुम्मलपल्लीला दिसते. 2012 साली तिथे खाण आणि कारखाना सुरू झाला. क्षमता रोज 3000 टन दगडाची. एक टन दगडात युरेनियम अर्धा किलोसुद्धा नाही. बाकी सगळी भुकटी गाळाच्या तलावात. हा हिशेब रोजचा!

दगड चुनखडीच्या जातीचा. त्यात आम्ल वाया जाते, म्हणून युरेनियम सोड्याने काढतात. तो सोडियम गाळाबरोबर तलावात जातो. तलाव पाझरला तर? सोडियमचे पाणी काळ्या जमिनीला मिळाले की काय होते, ते सांगायला शेतकीची पदवी लागत नाही. जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, पेरलेले उगवत नाही.

तुम्मलपल्लीच्या आसपासच्या केळीवाल्यांनी तक्रार केली की पाणी बिघडले, बागा बसल्या. 2018 साली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीला नोटीस दिली. कंपनी म्हणते, दोष खाणीचा नाही. तिथल्या खडकातच युरेनियम आहे. मग पाण्यात सापडलेले युरेनियम निसर्गाचे की खाणीचे? अशा वादात ज्याच्या हाती आधीचा कागद नाही, तो हरतो. आणि शेतकऱ्याच्या हाती कागद कधीच नसतो.

देशाला वीज हवी, आम्हालाही हवी. अणुविजेशी आमचे वैर नाही. पण विजेची खरी किंमत कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीतून वसूल करायची आणि तिला स्वस्त म्हणायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. भरपाई मिळते ती संपादन झालेल्या सातबाऱ्याची. पाणी मात्र सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही.

निदान जनसुनावणीत उभे राहून बोलता येत होते. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाणींना त्या सुनावणीतूनही सूट दिली. ज्याची जमीन, त्यालाच तोंड उघडायला जागा नाही!

म्हणून तीन मागण्या आहेत. पहिली, शोधाचा एकही बोअर पडण्याआधी परिसरातल्या प्रत्येक विहिरीचे पाणी सरकारी खर्चाने तपासा. क्षार, सोडियम आणि युरेनियम, तिन्ही. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. अहवाल आपल्या भाषेत, एक प्रत शेतकऱ्याला, एक ग्रामसभेला. दुसरी, नंतर पाणी बिघडले तर आपला दोष नाही हे खाणवाल्याने सिद्ध करावे, शेतकऱ्याने नव्हे. तिसरी, जनसुनावणी परत आणा.

सरकारची वाट पाहत बसू नका. या उन्हाळ्यात आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्या, तारखेसह कागद जपून ठेवा. खाण आली नाही तरी तो कागद वाया जाणार नाही. कोणते पाणी कोणत्या रानाला द्यावे, एवढे तरी त्यातून कळेल.